संगणकाचा कारागीर बाहेर शोधू नका, दुकानातच घडवा

सडक अर्जुनीच्या बाजारात हल्ली कोणाच्याही दुकानात बसा, चहा येईपर्यंत एक गाऱ्हाणे हमखास कानावर पडते. संगणकावर बसणारा चांगला मुलगा मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही, आणि जो टिकतो त्याला काम येत नाही. किराणावाले हेच म्हणतात, राईस मिलवाले हेच म्हणतात, कोहमाऱ्याच्या चौफुलीवरचे टायरवालेही हेच म्हणतात. नागपूरच्या मिहानमधील आणि पुण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांनाही कुशल माणसांची हीच चणचण आहे, असे वर्तमानपत्रांतून वाचायला मिळते. पण त्यांची चणचण आणि आपली चणचण यांत मोठा फरक आहे. त्यांना माणूस कमी पडला तर ते आपल्या गावातला मुलगा उचलून नेतात. आपण कोणाचा उचलणार?

आमचेच उदाहरण देतो. आमच्या दुकानात दोन वर्षे एक मुलगा बिले आणि जीएसटीचे काम पाहत होता. मुलगा हुशार आणि इमानदार होता. एके दिवशी त्याला नागपूरला नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्याबद्दल आमच्या मनात राग नाही. जास्त पगाराकडे कोण जात नाही? पण तो गेल्यावर आम्हाला कळले, की जीएसटीच्या नोंदणीवर मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्यालाच ठाऊक. विवरणपत्र भरायला बसलो की ओटीपी नागपूरला जायचा. तो कामात असायचा, फोन लागायचा नाही. त्यात दोन महिन्यांची विवरणपत्रे उशिरा गेली. ‘३ ब’ उशिरा भरले की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, हा हिशेब व्यापारी बांधवांना सांगायला नको. शेवटी कागदपत्रे घेऊन आपल्या हद्दीच्या कर अधिकाऱ्याकडे जाऊन नंबर बदलून घेतला. तशी सोय कायद्यात आहे, ही गोष्टही आम्हाला ठेच लागल्यावरच समजली.

आता प्रश्न असा, की ही टंचाई खरोखर कशाची आहे? प्रमाणपत्रांची तर नक्कीच नाही. एमएस-सीआयटी सुरू होऊन वीस वर्षांवर झाली. शासकीय नोकरीसाठी ती लागते म्हणून घरोघरी ते प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प आला आणि ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसले. पुढे त्याची आपले सरकार सेवा केंद्रे झाली. या परिचालकांना मानधनासाठी किती वेळा मुंबई-नागपूरला आंदोलने करावी लागली, ते सर्वांनी पाहिले आहे. म्हणजे संगणक चालवणारी पोरे आपल्या तालुक्यात आहेत. टंचाई आहे ती संगणकही कळतो आणि धंदाही कळतो अशा माणसाची.

उदाहरण आपल्या धानाचेच घ्या. १८ जुलै २०२२ पासून वजन आणि लेबल छापून आधीच बंद केलेल्या तांदळाच्या २५ किलोपर्यंतच्या थैलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या पोत्यावर लागत नाही, आणि ग्राहकासमोर मापून दिलेल्या सुट्या तांदळावरही लागत नाही. तांदूळ एकच, गिरणी एकच, मात्र थैली बदलली की बिल बदलते. शहरातून आलेल्या आणि चार सॉफ्टवेअर येणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? तो सगळ्या तांदळाला एकच दर लावून मोकळा होतो. याउलट लहानपणापासून मिलमध्ये हमालांबरोबर पोती मोजलेल्या मुलाला हे एकदा सांगितले की पुरते. त्याला शिकायचा असतो फक्त संगणक, आणि तो सहा महिन्यांत शिकता येतो. धंदा सहा महिन्यांत शिकता येत नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हाच अनुभव आला. ट्रकच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ टक्के. दुकानात टायर एकाच भिंतीला टेकून उभे असतात. कोणता ट्रॅक्टरचा आणि कोणता ट्रकचा, हे गिऱ्हाईक आल्याबरोबर दुकानातला हेल्पर सांगतो, पण संगणकावर बसलेल्याला सांगता येत नाही. मग हेल्परलाच संगणकावर का बसवू नये?

आता कारागीर बांधवांकडे वळतो, कारण हा प्रश्न केवळ गल्ल्यावर बसणाऱ्यांचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. आपले गावच मुळी सडकेवरचे. मुंबई-कोलकाता महामार्ग दारातून जातो आणि त्याच्या कडेच्या गॅरेजांवर किती तरी घरांच्या चुली पेटतात. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांच्या डिझेल ट्रकात युरियाची वेगळी टाकी असते, धुराची नळी साफ ठेवणारी यंत्रणा असते आणि या सर्वांवर एका छोट्या संगणकाची नजर असते. त्यातला एक सेन्सर बिघडला तरी इंजिनाची ताकद कमी होते आणि पन्नास टनांचे धूड चढावर बैलगाडीसारखे चालू लागते. आमच्या मिस्त्री लोकांना इंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग ओळखता येतो. ती विद्या कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. पण हा नवा रोग आवाजातून कळत नाही. त्याला स्कॅनर जोडावा लागतो, पडद्यावर आलेला कोड वाचावा लागतो आणि कोणत्या कोडचा काय अर्थ ते पाहावे लागते. स्कॅनर बाजारात विकत मिळतो. तो वाचणारा मिळत नाही म्हणून ट्रकवाला गाडी कशीबशी रेटत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत नेतो आणि आमचे मिस्त्री पंक्चर आणि ग्रीसिंगवर राहतात. वीस वर्षे हात काळे केलेल्या उस्तादाचे काम असे डोळ्यांदेखत जात आहे. त्याच्या घरात दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा पुतण्या बहुधा असतोच. तो मोबाईलवर रील पाहत बसलेला असतो. उस्तादाचा कान आणि त्या मुलाचे डोळे एका गाडीवर एकत्र आले तर कंपनीचा सर्व्हिसवालाही मागे पडेल.

शेतकऱ्याचेही तसेच. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. पण विक्रीची नोंदणी ऑनलाइन, सातबारावर ई-पीक पाहणीची नोंद हवी, बँकेचे खाते आधारशी जुळलेले हवे. एक जागा चुकली की पैसे अडकतात. शेतकऱ्याचे पैसे अडकले की आमची उधारी अडकते. तेव्हा दुसऱ्याच्या फॉर्ममधली चूक आपल्या दुकानापर्यंत कशी चालत येते, ते ध्यानात घ्यावे.

आणि एक गोष्ट जमातीची. ती लिहिताना मनाला त्रास होतो. ६ जून २०२५ ला केंद्र सरकारने वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. तो कायदा कसा आहे, यावर सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तो विषय या पानाचा नाही. पण मुदत ही मुदत होती. मुतवल्लींनी माहिती भरायची, बोर्डाच्या अधिकाऱ्याने तपासायची आणि वरच्याने मंजूर करायची, अशी तिहेरी रचना होती. डिसेंबरात मुदत संपली तेव्हा देशभरातून सुमारे ५ लाख १७ हजार मिळकतींची माहिती भरायला सुरुवात झालेली होती आणि मंजूर झाल्या होत्या सुमारे २ लाख १७ हजार. पोर्टल चालत नव्हते, सर्व्हर बसत होता, ही तक्रार खरीच होती. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, मोजमाप जुन्या मापात, हेही खरे. तरीपण आमच्या मशिदींच्या आणि कब्रस्तानांच्या कमिट्यांमध्ये असा किती माणसांचा भरणा होता, की ज्यांना एक पीडीएफ योग्य आकारात करून चढवता येते? कमिटीवर कोण असतो? आपणच असतो, व्यापारी. बापदादांनी अल्लाहच्या नावे सोडलेली जमीन वाचवण्यासाठी आपण झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभे राहिलो आणि तिथला मुलगा म्हणेल ते भरत गेलो. त्याने सर्व्हे नंबर चुकीचा टाकला असेल तर ते कळण्याइतकी नजरसुद्धा आमच्यापैकी अनेकांपाशी नव्हती. खेदाने म्हणावे लागते, की धर्मादाय संस्थेतला संगणकाचा माणूस ही चैन आहे असे आपण आजवर समजत आलो.

मोठ्यांनी या टंचाईवर काय उपाय केला, ते पाहण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यातले अमळनेर आपल्या वाचकांना माहीत आहे. तिथे १९४५ मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत शिकत होते. शिक्षण सोडून ते आले आणि तेल-साबणाचा धंदा हाती घेतला. पुढे १९७७-७८ च्या सुमारास आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली, तेव्हा मोकळी झालेली जागा ओळखून ते संगणकात शिरले. हीच ती विप्रो. (अमळनेरच्या अनेक घरांत तेव्हाचे शेअर जपून ठेवलेले होते आणि त्यांनी त्या घरांचे नशीब बदलले, हे जाता जाता सांगतो.) आम्हाला इथे सांगायचे आहे ते निराळेच. इंजिनिअर मिळेनात, मिळालेले टिकेनात, अशी पाळी या कंपनीवरही आली. तेव्हा १९९५ पासून त्यांनी साधे बी.एस्सी. झालेले मुले-मुली घेऊन त्यांना कामावर ठेवले आणि पिलानीच्या बिट्स संस्थेच्या मदतीने सुट्टीच्या दिवशी वर्ग घेऊन पुढची पदवीही दिली. तमिळनाडूच्या झोहो कंपनीने २००५ च्या सुमारास त्याहून पुढची मजल मारली. बारावी झालेली गरीब घरची मुले घ्यायची, फी घ्यायची नाही, उलट दरमहा विद्यावेतन द्यायचे, शिकवायचे आणि कामाला लावायचे. तेनकाशीसारख्या आडगावात त्यांनी कार्यालय थाटले. एचसीएलही २०१७ पासून बारावीनंतरच्या मुलांना घेऊन शिकवते. ज्यांच्या तिजोरीत अब्जावधी रुपये आहेत त्यांनाही तयार माणूस विकत मिळाला नाही, तो घडवावाच लागला. आपण मात्र पाच-सहा हजार पगारात तयार माणूस शोधत फिरतो.

आणि घडवणे आपल्याला नवीन आहे काय? उस्ताद-शागिर्द ही रीत आपल्या मोहल्ल्यांनी शेकडो वर्षे चालवली. शिवणकाम, वेल्डिंग, मोटारीचे इंजिन, सुतारी, यांतले कोणते काम आपल्या लोकांनी पुस्तकातून शिकले? पोरगा आधी झाडू मारायचा, मग पाने देऊ लागायचा, मग एक दिवस उस्ताद म्हणायचा, ‘आज तू खोल’. पवित्र कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा आणि लिहिता येत असताना त्याने नकार देऊ नये, असा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहे. बद्रच्या लढाईतल्या ज्या कैद्यांपाशी दंडाची रक्कम नव्हती पण लिहिणे-वाचणे येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. हिशेबनीस आणि हिशेब शिकवणारा यांची किंमत ज्या उम्मतीने अशी केली, तिच्या दुकानात संगणकावरच्या मुलाला चहा आणायला पाठवतात, हे शोभत नाही.

आमची सूचना साधी आहे. एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच दुकानांनी मिळून एक मुलगा किंवा मुलगी धरावी. दुकाने शक्यतो निरनिराळ्या धंद्यांची असावीत, म्हणजे एकमेकांचा भाव आणि गिऱ्हाईक कळण्याची भीती राहणार नाही. प्रत्येकाने दरमहा दोन हजार काढले तर पाच जणांचे दहा हजार होतात. पहिले सहा महिने ते विद्यावेतन समजावे. आयटीआयचा ‘कोपा’ हा संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला कोणी मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर बारावी कॉमर्सवालाही चालेल. सकाळी एका दुकानी, दुपारी दुसऱ्या, असे त्याने फिरावे. पहिला महिना संगणकाला हात लावू देऊ नये, माल ओळखू द्यावा. ज्यांच्याकडे चार किंवा त्याहून जास्त माणसे कामाला आहेत, अशा राईस मिलवाल्यांनी आणि मोठ्या गॅरेजवाल्यांनी शिकाऊ उमेदवारीची सरकारी योजना अवश्य पाहावी. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर ती सक्तीची आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक आहे. तीत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. दोन माणसांच्या दुकानाला तिचा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी हेलपाटे घालणार नाही.

यावर पहिला आक्षेप आम्हाला पाठ आहे. ‘शिकवला की पळतो.’ होय, काही पळतील. पण गॅरेजमध्ये शागिर्द शिकून गेला आणि त्याने सौंदडला किंवा देवरीला स्वतःचे दुकान टाकले, तर उस्ताद चारचौघांत अभिमानाने सांगतो, की तो माझ्या हाताखालचा. संगणकवाला गेला तर मात्र आपण त्याला बेइमान ठरवतो. हा न्याय कुठला? शिवाय तो का जातो, हेही स्वतःला विचारावे. दिवाळीला किंवा ईदला कपडे देऊन माणूस बांधला जातो हे दिवस गेले. त्याला दरवर्षी वाढ हवी, कामाला नाव हवे. आणि एकाच्या जागी दोघे तयार ठेवावेत. पहिला शागिर्द दुसऱ्याला शिकवील, तरच त्याचा पगार वाढवायचा, अशी अट घालून पाहावी. मग तो गेला तरी विद्या दुकानात राहते.

या निमित्ताने मुलींबद्दलही दोन शब्द. आपल्या घरांतल्या मुली दहावी-बारावीला मुलांपेक्षा चांगले गुण घेतात. एमएस-सीआयटी करतात, टॅली शिकतात आणि मग लग्न ठरेपर्यंत घरी बसतात. बाहेर पाठवायला नको, हे म्हणणाऱ्यांशी आम्ही इथे वाद घालत नाही. पण बिले चढवणे, विक्रीचा तपशील भरणे, बँकेशी मेळ घालणे, ही कामे घरच्या खोलीत बसून होतात. बापाच्या दुकानाचा हिशेब मुलीने ठेवला तर त्यात कोणती मर्यादा ओलांडली जाते? उलट घरचा हिशेब घरातच राहतो. ती दुसऱ्या दोन दुकानांचे काम घेऊ लागली, तर तिच्या हातात चार पैसे येतील. लग्नानंतर सासर साकोलीला असो की भिलाईला, ही विद्या तिच्याबरोबर जाईल. एक मात्र पाहावे, की तिला मेहनताना द्यावा. घरचीच म्हणून फुकटात राबवू नये.

शेवटी मालकांविषयी, म्हणजे आपल्याविषयी. कारागीर कितीही चांगला असला तरी मालकाला कामाची पारख हवी. ज्याला कापड कळत नाही त्याने कापडाचे दुकान काढू नये, तसेच हे आहे. पूर्ण संगणक शिकण्याचे आमचे वय राहिलेले नाही, पण तीन गोष्टी साठीतल्या माणसालाही जमतात, आम्हाला जमल्या आहेत. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर ‘२ ब’ हा तक्ता तयार होतो. आपल्याला माल देणाऱ्यांनी कोणती बिले दाखवली ते त्यात दिसते. तो मोबाईलवर उघडून आपल्या खरेदीच्या वहीशी स्वतः ताडून पाहावा. माल घेतला आणि बिल तिथे नाही, तर त्याच दिवशी समोरच्याला फोन करावा, कारण २० तारखेला विवरणपत्र भरायचे असते आणि त्या बिलाच्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. दुसरे, हिशेबाची प्रत दर शुक्रवारी पेन ड्राइव्हवर काढून घरी न्यावी. तिसरे, पासवर्ड. तो अमानत आहे. कामासाठी दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, पण तो मालकाच्या वहीत लिहिलेला असावा, आणि माणूस बदलला की त्याच संध्याकाळी पासवर्डही बदलावा. डिजिटल सही असलेली डोंगल कर सल्लागाराच्या टेबलाच्या खणात नव्हे, आपल्या तिजोरीत हवी.

या जुम्याला नमाजनंतर मशिदीच्या अंगणात आपण भेटूच. तोपर्यंत प्रत्येकाने जीएसटीचे खाते उघडून त्यावर कोणाचा मोबाईल नंबर आहे, तेवढे पाहून यावे. आपला नसेल तर नोंदणीचा दाखला आणि ओळखपत्र खिशात घालून यावे. बदलाचा अर्ज कसा करायचा ते आम्ही सांगू. आणि मोहल्ल्यात बारावी होऊन बसलेल्या मुलामुलींची नावेही बरोबर आणावीत. धानाची आवक सुरू झाली की मग कोणालाच मान वर करायला फुरसत नसते.